चालू आहे, हात लावू नये

देवासला मी भाड्याने राहत होतो त्या घराच्या फाटकाशी दोन गोष्टी सोडून आत यावं लागे. एक चपला, दुसरा हॉटस्पॉट. चपलांसाठी ओट्याखाली मांडणी होती. हॉटस्पॉटसाठी घरमालक काका स्वतः होते. ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत ते बसलेले असत आणि माझा पाय पहिल्या पायरीवर पडायच्या आत विचारत, "बंद केला का भिया?"

"केला काका."

"बघू."

मग मी मोबाईल पुढे करायचा. ते चष्मा कपाळावर ढकलून, मोबाईल पार नाकाशी नेऊन, वैद्याने जीभ तपासावी तसा पडदा तपासत आणि म्हणत, "हौ. या."

या तपासणीतून कुणी सुटत नसे. गॅसची टाकी आणणारा, मतदार यादीवाल्या बाई, पूजेचे गुरुजी, सगळे फाटकात उभे राहून खिसे चाचपत. गुरुजींना हॉटस्पॉट म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. ते सरळ फोनच बंद करत आणि पुन्हा चालू करायला विसरत, त्यामुळे आमच्याकडे सत्यनारायण झाला की गावातल्या बाकीच्या यजमानांचे खोळंबे होत. माझे आईवडील पहिल्यांदा आले तेव्हा वडिलांच्या खिशातून बटणांचा साधा फोन निघाला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, वडिलांचा हात हातात घेतला आणि मला म्हणाले, "तुमचे वडील फार सज्जन गृहस्थ आहेत." माझ्याबद्दल असं ते कधी बोलले नाहीत. पुढे जे घडलं ते पाहता बरंच केलं.

हा सगळा बंदोबस्त एका खेळण्यासाठी होता. दोन हातांत धरून दोन अंगठ्यांनी खेळायचा गेम कन्सोल, शाळेतल्या पाटीपेक्षा थोडा लहान. काका त्याला 'यंत्र' म्हणत, आणि ते म्हणताना आवाज असा काही खाली येई की समोर रणगाडा उभा आहे असं वाटावं. असल्या यंत्रांना इंटरनेटचा वास लागला की ती आपणहून नवं फर्मवेअर, म्हणजे आतली नवी आवृत्ती, ओढून घेतात आणि एका सकाळी वेगळीच होऊन बसतात. काकांना त्यांचं यंत्र वेगळं व्हायला नको होतं.

आणि भाडेकरू म्हणून त्यांना मिळालो कोण, तर मी. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होतो आणि माझं काम एकच होतं, सगळ्यांची यंत्रं अपडेट करणं. मी दारात दिसलो की लोक घाईघाईने फाइल सेव्ह करत. पडद्यावर 'आता करायचं की नंतर?' असं विचारलं गेलं की माझं बोट 'आता'वर जायचं, डोळ्यांची परवानगी न घेता. दिवसभर हे करून संध्याकाळी मी ज्या माणसापुढे जीभ दाखवायला उभा राहायचो, त्याने जन्मात 'नंतर'शिवाय काही दाबलेलं नव्हतं.

काका पंचाहत्तरीला टेकलेले, बिनलग्नाचे. पणजोबा पुण्याकडून येऊन संस्थानच्या पागेत कारकून झाले, तेव्हापासून घराणं इथलंच. काकांनी मात्र लेखणी सोडून पाना धरला आणि कारखान्यात मेंटेनन्सला उभा जन्म काढला. त्या जन्माचं सार त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहून घरभर चिकटवलं होतं : 'चालू आहे. हात लावू नये.' पाण्याच्या पंपावर ही चिठ्ठी होती, मिक्सरवर होती, दोरीने दार बांधलेल्या फ्रिजवर होती. भिंतीवरचं घड्याळ मागे पडायचं, त्याखाली होतं, 'चालू आहे. हात लावू नये. सात मिळवावे.' मला एकदा टायफॉइड झाला आणि आईने घाबरून काकांना फोन केला, तर तिलाही त्यांनी हेच सांगितलं. "चालू आहे," म्हणाले. "काळजी नको."

त्यांच्या कारखान्यात म्हणे एक जुनं मशीन होतं. कुरकुरत चालायचं, पण चालायचं. नवे साहेब आले, त्यांनी ते सुधारलं. गोष्ट इथेच संपायची. मी विचारलं, "मग?"

"मग काय? सुधारलं. मग कधी चाललं नाही."

पण हे सगळं सांगूनही यंत्राचं खरं कारण मला कळलं ते वर्षभराने, काकांच्या बहिणीबद्दल कळलं तेव्हा.

त्यांना एक बहीण, आक्का. आठ वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली तेव्हा आक्कांनीच काकांना वाढवलं, पुढे धारला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या, तिथेच संसार केला. आता धारच्या घरात आक्का आणि त्यांची सून, जिला सगळे वहिनी म्हणत. मुलगा परदेशात. त्या मुलाने आईला आणि मामाला एकेक यंत्र पाठवलं होतं, दोन्ही सारखी, की शेजारी बसून एकत्र खेळता यावं. त्यात खेळ कसला, तर एक तळं, एक होडी. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने कमळं तोडायची, आणि सूर्य बुडायच्या आत काठाला लागायचं. बस. दर रविवारी काका सकाळची बस धरून इंदूर आणि इंदूरहून धार गाठत, अकरा ते एक बहिणीबरोबर होडी चालवत, जेवत आणि परत येत. उरलेले सहा दिवस संध्याकाळी ओट्यावर सराव. कारण ते वल्हवणारे होते, आणि होडी जरा डगमगली की आक्का बोलत.

"काय बोलतात?"

"म्हणते, बाबू, तुला लहानपणीपण वल्हं धरता येत नव्हतं."

आक्कांचं विसरणं तेव्हा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. सुनेचं नाव जायचं, जेवलो की नाही ते जायचं, मुलगा कुठल्या देशात ते तर कधीच गेलं. चाळीस वर्षं ज्या अक्षरांवर पोट भरलं ती अक्षरं आता त्यांना ओळखायला वेळ लागे. पण यंत्र हातात दिलं की अंगठा बरोबर चालायचा. वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरं चित्र. त्या वाचून जात नव्हत्या, घरातल्या अंधारात माणूस माठापाशी जातो तशा जात होत्या. आणि आत गेल्या की त्यांच्या लेखी ती कमळं नसत. देवासच्या तलावातले शिंगाडे असत. लहानपणी ही दोघं दुसऱ्याच्या होडीतून चोरून शिंगाडे काढायची. खेळताना आक्का मधेच दबक्या आवाजात सांगत, "मागे लक्ष ठेव रे, राखणदार येईल." आणि काका, पंचाहत्तर वर्षांचे, खरंच मागे वळून बघत.

नव्या अपडेटने चित्रांची जागा बदलते हे काकांना कुठूनतरी कळलं होतं. वर मोठं दुकान येतं म्हणे, बाकीचं खाली सरकतं. म्हणून आक्कांचं यंत्र बदलायचं नाही. आणि दोन यंत्रांची आवृत्ती वेगळी झाली तर ती एकमेकांशी खेळत नाहीत, म्हणून काकांचंही बदलायचं नाही. मी जाणकाराच्या थाटात म्हटलं, "काका, यंत्रातलं वायरलेस बंद ठेवा ना."

"बंद ठेवलं तर आम्ही दोघं एकमेकांना दिसत नाही. चालू ठेवलं तर सगळ्या जगाला दिसतो. सांगा."

"पण यंत्रात पासवर्ड घातलेलाच नसेल तर ते कुठल्याही हॉटस्पॉटला जोडलं जाणार नाही. शंभर हॉटस्पॉट आले तरी काही होत नाही."

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "हॉटस्पॉट बाहेर."

आता माझा पहिला पराक्रम. एका संध्याकाळी काका दूध आणायला गेले होते आणि यंत्र ओट्यावर चार्जिंगला होतं. मला फक्त बघायचं होतं की आवृत्ती कुठली आहे. निव्वळ व्यावसायिक कुतूहल; हलवाई दुसऱ्याच्या दुकानातली जिलबी जशी बोटाने दाबून बघतो तसं. नुसती आवृत्ती बघून मन भरेना. किती मागे आहे हे बघावं म्हणून मी माझा हॉटस्पॉट लावला, पासवर्ड घातला, आणि पडद्यावर काहीतरी फिरायला लागल्याबरोबर घाबरून बंद केला. काका दूध घेऊन आले तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होतो. मी तुळशीला पाणी घालतो हे पाहूनच त्यांना संशय यायला हवा होता. यंत्राने मात्र माझा पासवर्ड नीट लक्षात ठेवला. त्या घराण्यात स्मरणशक्तीची अशी विचित्र वाटणी झाली होती.

मग काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, बसचे धक्के नकोत. पहिला रविवार चुकला. सोमवारी वहिनींचा फोन आला. आक्का यंत्र मांडीवर घेऊन दारात बसून राहिल्या, जेवायला उठल्या नाहीत, वल्हं कोण मारणार विचारत राहिल्या. काकांनी फोन ठेवला आणि चार दिवस माझ्याशी अगदी गोड बोलले. शनिवारी पोटातलं ओठावर आलं.

"उद्या धारला जाता का? तासभर वल्हवायचं फक्त."

रविवारी सकाळी त्यांनी यंत्र पंच्यात गुंडाळलं, पंचा स्टीलच्या डब्यात घातला, डब्याला झाकण, झाकणाला नाडी. डब्यावर चिठ्ठी, यंत्राच्या पाठीवर चिठ्ठी. "स्टीलमधून सिग्नल जात नाही," ते म्हणाले. "वाटेत उघडायचं नाही. आणि होडी डावीकडे ओढते, तेवढं सांभाळा."

इंदूरपर्यंत मी उघडला नाही. धारच्या बसमध्ये बसल्यावर वाटलं, एवढा विश्वास टाकला आहे, तर जरा सराव करावा. आक्कांपुढे होडी डगमगली तर काकांचंच नाव जायचं. माझी प्रत्येक चूक अशी सद्हेतूच्या पोटी जन्मलेली आहे. मी नाडी सोडली. होडी डावीकडे ओढत होती खरी. शेजारी सरदारपूरला निघालेले एक फेटेवाले आजोबा होते. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला.

"भिया, जरा हॉटस्पॉट दे दो नी. पोती चलने लगी है, वीडियो भेजा है बहू ने, मेरा नेट खतम हो गिया."

नात चालायला लागली आहे आणि आजोबांकडे नेट नाही, यावर कुठल्या माणसाने नाही म्हणावं? मी दिलं. त्यांनी कौतुकाने मलाही दाखवलं. ती पोर दोन पावलं टाकायची, धपकन बसायची, पुन्हा उठायची. आम्ही दोघं मन लावून बघत होतो. माझ्या मांडीवर काहीतरी टिंग वाजलं, पडद्यावर दोन बटणं आली आणि नऊ वर्षांच्या नोकरीने घडवलेलं माझं बोट गेलं. मान खाली घातली तेव्हा एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे निघाली होती. घाटाबिल्लोद गाव मागे पडेपर्यंत ती टोकाला पोचली. "चलने लगी," आजोबा म्हणाले. मी म्हटलं, "जी."

धारला वहिनींनी दार उघडलं. रविवारी अकरा ते एक त्या राउटरची वायरच काढून ठेवत. आजही काढली होती. आक्का पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, चापून चोपून नेसलेलं नऊवारी, मांडीवर यंत्र.

"बाबू नाही आला?"

"त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना आक्का. मी आलोय. वल्हवायला."

त्यांनी मला वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखं न्याहाळलं. "बस मग. चल लवकर, ऊन चढेल."

त्यांचा अंगठा निघाला. दुसरी ओळ, तिसरं चित्र. माझ्या यंत्रावर वर एक भलंमोठं दुकान आलं होतं, मी खेळ शोधला, उघडला. दोन्ही यंत्रं एकमेकांना शोधू लागली आणि मग माझ्या पडद्यावर आलं की समोरच्याची आवृत्ती जुळत नाही. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. आक्कांच्या पडद्यावर तळं होतं, होडी होती आणि पुढच्या फळीवर त्यांची छोटी बाहुली एकटी बसली होती.

"होडीत कुणी नाही," आक्का म्हणाल्या.

"येतोय आक्का. एक मिनिट."

"कुणीच नाही रे."

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. काय झालं ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आईंचंही करून टाका ना अपडेट. वायर लावू का परत? दोन्ही सारखी होतील. मामांना कळणारपण नाही."

खरं सांगतो, मला ते फार आवडलं. पाच मिनिटांचं काम. माझी चूक पुसली जाणार होती, काकांना खरंच कळलं नसतं, निदान दुसऱ्या दिवशी आक्कांचा अंगठा दुसऱ्या ओळीत तिसऱ्या चित्रावर जाऊन भलतंच काही उघडेपर्यंत. मी बाहेर आलो, आक्कांना म्हटलं, "जरा बघू का तुमचं?" त्यांनी विश्वासाने पुढे केलं. मी पालथं केलं. पाठीवर चिठ्ठी होती. काकांचं तेच गोल, बाळबोध अक्षर, कडा झिजलेल्या, वरून पारदर्शक पट्टी दोनदा चिकटवलेली. चालू आहे. हात लावू नये.

मी ते परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. अपडेट न करण्याची माझ्या कारकिर्दीतली ती पहिली वेळ.

संध्याकाळी देवासला पोचलो तेव्हा काका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओट्यावर होते. हॉटस्पॉटचं विचारलं नाही. डब्याच्या नाडीकडे बघितलं. मी गाठ वेगळी मारली होती.

मी सगळं सांगितलं. तुळशीपासून नातीपर्यंत. काकांनी शेवटी विचारलं, "तिचं?"

"नाही केलं."

"हात लावला?"

"लावला. पण केलं काही नाही."

"माझं परत मागे नेता येतं का?"

"नाही काका. पुढेच जाता येतं."

त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. देवीच्या टेकरीवरचे दिवे लागायला लागले होते. "आमचे आजोबा सांगायचे," ते म्हणाले, "देवासात दोन राज्यं होती. या बाजूला थोरली पाती, समोर धाकटी पाती. रस्ता एक, गाव एक, देवी एक, आणि कारभार दोन. तरी सण आला की लोक रस्ता ओलांडून जेवायला जायचे हो." मग उठले. "उद्या पहिल्या बसने जाऊ."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टरांना आक्का नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना घेऊन गेलो. काळा चष्मा, डोक्याला पंचा, प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. जणू डोळा नाही, भरलेली कळशी नेत होते. त्यांचं यंत्र त्यांनी आणलंच नव्हतं. मला कळेना हे करणार काय.

आक्का दारातच होत्या. "आलास?" म्हणाल्या, आणि कालचं काही आठवत नसल्यामुळे रागावल्या नाहीत. काका एरवी समोरच्या खुर्चीत बसत. आज ते पलंगावर त्यांच्या शेजारी बसले, अगदी लागून. आक्कांच्या यंत्राची डावी बाजू त्यांनी डाव्या हातात धरली. उजवी बाजू आक्कांच्या उजव्या हातात. एकट्याने खेळायचं असेल तर डाव्या अंगठ्याने वल्हवायचं आणि उजव्याने तोडायचं असतं, हे एवढा मोठा तज्ज्ञ असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काका रात्रभर तेच जुळवत असणार. एक यंत्र, दोन माणसं, प्रत्येकाचा एकच अंगठा. मधले दोन हात मोकळे राहिले, ते थोडा वेळ कुठे ठेवावे ते दोघांना समजेना, आणि मग एकमेकांत गेले.

काकांना एका डोळ्याने धड दिसत नव्हतं. होडी लव्हाळ्यात घुसली, काठाला आपटली, गोल फिरली.

"बाबू, तुला लहानपणीपण वल्हं धरता येत नव्हतं."

"हौ."

थोड्या वेळाने आक्का थांबल्या. पडद्यावरून नजर काढून त्यांनी काकांच्या खांद्याकडे बघितलं, जो त्यांच्या खांद्याला टेकला होता.

"इतके दिवस लांब का बसत होतास रे?"

काकांनी पुन्हा वल्हं मारायला घेतलं. काळा चष्मा असल्यामुळे मला काही दिसलं नाही, आणि मी बघायलाही नको होतं. मी वहिनींना राउटरबद्दल काहीतरी निरर्थक विचारायला आत गेलो.

परतताना बसमध्ये मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "चूक ती चूक. हॉटस्पॉट बाहेरच."

पुढे माझी बदली इंदूरला झाली. निघताना काकांनी ते अपडेट झालेलं यंत्र माझ्या सामानात घातलं. त्याच्या पाठीवरची जुनी चिठ्ठी काढून त्यांनी नवी चिकटवली होती : 'हात लावून झालेला आहे.' ते माझ्या टेबलावर असतं. दर थोड्या दिवसांनी ते विचारतं, आता की नंतर, आणि मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन आधी श्वास घेतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी धारला गेलो होतो. फाटकाशी चपला काढल्या, हॉटस्पॉट बघितला, फोन पायरीवरच ठेवला. आक्का आता काकांना ओळखत नाहीत. 'बाबू' हे नावही गेलं. वहिनी म्हणाल्या, त्या रोज विचारतात, हे कोण गृहस्थ येतात? पण गृहस्थ डाव्या बाजूला बसले आणि यंत्र मधे आलं की त्या सरकून जागा देतात, उजवा अंगठा ठेवतात, आणि डावा हात न बघता शेजारी सोडतात. दुसरी ओळ, तिसरं चित्र. होडी सुटली होती. मी दारात उभा राहून हळूच विचारलं, "आक्का कशा आहेत, काका?"

काकांनी मान वर केली नाही. राखणदार ऐकेल अशा बेताने, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "चालू आहे."